कुत्र्याला घेऊन दोन दिवस: माथेरान, महाबळेश्वर की दापोलीचा किनारा?

चिंगी आमच्याकडे आली त्याला सहा वर्षं झाली. गावठी, अठरा किलो, पांढऱ्या पायांची, गाडीचं दार उघडलं की आधी आत. या सहा वर्षांत तिला घेऊन आम्ही पुण्याहून माथेरानला दोनदा, महाबळेश्वर-पाचगणीला तीनदा आणि दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्याला चारदा जाऊन आलो. त्यामुळे सोसायटीत कुणाकडे नवीन पिल्लू आलं की दिवाळीच्या आसपास आमची बेल वाजते. "याला घेऊन कुठे जाता येईल हो?" आणि त्याच दमात, "कुत्रा चालणारं हॉटेल कुठलं?"

हॉटेल मिळतं. चार फोन केले की पाचवा हो म्हणतो. पण हॉटेलच्या फाटकाबाहेर पडल्यावर आपल्या कुत्र्याला पहिलं जनावर कोणतं भेटणार आहे, हे कुणी विचारत नाही, आणि सहल फिसकटते ती तिथेच. माथेरानला घोडे आणि माकडं. महाबळेश्वरला दिवसा गाड्या, रात्री बिबट्या. किनाऱ्यावर तिथलीच कुत्री. तुमच्या कुत्र्याचं यांतल्या कोणाशी जमेल, हे आधी ठरवा. खोलीचं नंतर बघू.

जायची वाट

अंतराने माथेरान आणि महाबळेश्वर दोन्ही पुण्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. दापोली लांब पडते. ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून मंडणगडावरून दापोली असं गेलं तर थांबत-थांबत सहा तास धरायचे. तिन्हीकडे घाट आहे आणि घाटात कुत्र्यांनाही माणसांसारखंच लागतं. तोंडातून लाळ गळायला लागली, सारखी जांभई आली, की दोन वळणांत ओकारी नक्की. निघायच्या आधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवलं, पाणी थोडं-थोडं दिलं, तर निम्मं काम होतं. चिंगीला पहिल्या वर्षी पसरणी घाटात तीनदा खाली उतरवावं लागलं होतं. आता तिला सवय झाली आहे, मला मात्र अजून पिशवीत जुने टॉवेल लागतात.

स्वतःची गाडी नसेल तर पर्याय कमी. रेल्वेत आपल्यासोबत डब्यात कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गात दोन किंवा चार बर्थचा अख्खा कूपे आपल्या नावावर लागतो. टू टायर, थ्री टायर, स्लीपरमध्ये चालत नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीतून, आणि ते मी माझ्या कुत्रीला कधी करणार नाही. मुंबईकरांना दापोलीसाठी खेड स्टेशनपर्यंत कोकण रेल्वेने येता येतं म्हणतात ते खरं, पण पदरी कूपे पडला तर.

माथेरानची गोष्ट वेगळी. तिथे गाडी दस्तुरीच्या वाहनतळावरच सोडावी लागते आणि पुढे बाजारापर्यंत अडीच-एक किलोमीटर पायी. आठशे मीटर उंचीवरचं हे गाव 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि पर्यटकांच्या गाड्यांना तर त्याआधीपासूनच आत मज्जाव. 1907 साली सुरू झालेली छोटी रेल्वेगाडी आहे, आता ई-रिक्षाही आहेत. पण कुत्रा बरोबर असेल तर सरळ चालायचंच धरून निघा. सामान हमालाकडे द्या, दोन्ही हात मोकळे ठेवा. लागतील.

माथेरान: ज्याला गाड्यांची भीती, त्याने घोड्यांची परीक्षा द्यावी

कागदावर माथेरानसारखं दुसरं गाव नाही. हॉर्न नाही, बाइक नाही, सावलीतल्या मातीच्या वाटा, आणि चालून-चालून कुत्रा इतका दमतो की रात्री खोलीत हूं की चूं करत नाही. आम्हीही याच हिशेबाने पहिल्यांदा गेलो.

दस्तुरीवरून निघून दहा मिनिटं झाली असतील. एका वळणावर समोरून चार घोडे आले, पाठीवर शाळेतली पोरं, बाजूने पळणारा घोडेवाला. चिंगीने आयुष्यात घोडा पाहिला नव्हता. ती आधी जमिनीला चिकटली, मग एकदम उसळून भुंकली. पहिला घोडा बिचकून आडवा झाला, वरची मुलगी किंचाळली. घोडेवाल्याने लगाम आवळला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, कुत्रीला डोंगराच्या अंगाला घ्या. आणि तिच्या पुढे तुम्ही उभ्या राहा, तिला घोडा दिसला नाही पाहिजे." पुढचे दोन दिवस आम्ही तेच केलं. टापांचा आवाज आला की कडेला, पट्टा आखूड, माझे पाय मध्ये. शनिवारी दुपारी बाजारापासून पॅनोरमा पॉइंटकडे जाताना हे किती वेळा केलं याचा हिशेब मी सोडून दिला. दरीच्या अंगाला मात्र कधीच उभं राहू नका. बिचकलेला घोडा मागे सरकतो आणि लाथेच्या टप्प्यात कुत्रा असतो.

माकडांचं त्याहून अवघड. ती हातातली पिशवी ओढतात हे सगळ्यांना माहीत आहे. कुत्रा भुंकला की ती पळून जातील असं वाटतं, आणि एखाद-दुसरं पळतंही. पण टोळीतला मोठा नर दात दाखवत खाली उतरला की आपला कुत्रा कितीही शूर असो, त्याचे सुळे कुत्र्याच्या सुळ्यांना भारी पडतात. खायचं काहीही उघडं ठेवायचं नाही, कुत्र्याचं बिस्किटसुद्धा. खोलीची खिडकी बंद. गॅलरीत कुत्रा एकटा बांधून जेवायला जाणं तर अजिबात नाही.

कठडे सगळीकडे नाहीत, तेव्हा पॉइंटवर पट्टा सोडायचा प्रश्नच येत नाही. शार्लोट तलाव बघून कुत्र्याला पोहायला सोडायचा मोह होतो, पण गावाचं पिण्याचं पाणी तिथलं. आणि लाल माती! चिंगीचे पांढरे पाय पहिल्याच संध्याकाळी विटकरी झाले ते पुण्यात आल्यावर तिसऱ्या आंघोळीला निवळले. हॉटेलच्या चादरींचा विचार करून घरची एक जाड चादर न्याच.

एवढं सगळं असूनही सोमवार ते गुरुवार माथेरान अप्रतिम आहे. दुसऱ्यांदा आम्ही जानेवारीत मंगळवारी गेलो. सकाळी सात वाजता लुइझा पॉइंटच्या वाटेवर आम्ही तिघंच. नवरा, मी आणि नाक जमिनीला लावून चाललेली चिंगी.

एक अडचण मात्र वार बदलूनही सुटत नाही. रात्री कुत्र्याला काही झालं तर दस्तुरीपर्यंत त्याला उचलून न्यावं लागणार. अठरा किलो मी कसेबसे नेईन. पस्तीस किलोचा लॅब्राडोर असेल आणि वयाने दहाच्या पुढचा असेल तर माथेरान नको.

महाबळेश्वर-पाचगणी: म्हाताऱ्या कुत्र्यांचं गाव

इथलं थोडक्यात सांगते, कारण इथे घडतंच थोडं. गाडी सगळीकडे जाते, त्यामुळे ज्याला चालवत नाही अशा कुत्र्यासाठी सोय उत्तम. बंगले भाड्याने मिळतात, कुंपण असलेली बाग मिळते, थंडी असते. नाकाड चपटं असलेली जात, म्हणजे पग वगैरे, यांना उकाडा सोसत नाही. त्यांच्यासाठी तिघांत हीच जागा. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या बाजूला पहाटे दव गोठतं, तेव्हा आखूड केसांच्या कुत्र्याला स्वेटर लागतो आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

पण शनिवार-रविवारी पाचगणी ते वेण्णा तलाव गाड्यांची रांग लागते आणि सहलीतला मोठा वेळ कुत्रा मागच्या सीटवर काढतो. बंद गाडीत त्याला सोडून "दोन मिनिटांत" स्ट्रॉबेरी-क्रीम खाऊन येणारे लोक मी पाहिले आहेत. थंड हवेच्या ठिकाणीसुद्धा उन्हात उभी गाडी आतून बघता-बघता तापते. पाचगणीचं टेबललँड मोकळं मैदान म्हणून छान, पण घोडे आणि टांगे तिथेही आहेत. उजाडताच जाऊन त्यांच्या आधी परतलात तर तुमचं.

रात्रीच्या बिबट्याबद्दल लोकांना अतिशयोक्ती वाटते. या जंगलात बिबट्या आहे आणि कुत्रा हे त्याचं आवडतं खाणं आहे, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही डोंगराकाठच्या गावात विचारा. बंगल्याच्या बागेत कुत्रा रात्री बांधायचा नाही. शेवटची शू दिव्याच्या उजेडात, पट्ट्यावर, आपण सोबत. जंगलातल्या पॉइंटवर वनखात्याचं नाकं असेल तिथे तिकिटाआधी कुत्र्याचं विचारा. कोयना अभयारण्याचा बेत असेल तर कुत्रा नाहीच.

हॉटेलांचा माझा सगळ्यात वाईट अनुभव याच भागातला. फोनवर "पेट फ्रेंडली आहे मॅडम" म्हणाले. पोचल्यावर कळलं की कुत्र्याची सोय म्हणजे वॉचमनच्या केबिनमागची पत्र्याची शेड. रात्री साडेआठला दुसरी खोली शोधत फिरलो. तेव्हापासून मी तीनच प्रश्न विचारते, आणि उत्तरं मेसेजवर लिहून घेते: कुत्रा आमच्याच खोलीत झोपेल ना? वेगळे पैसे किती? जेवायच्या जागी चालेल की खोलीतच मागवायचं?

डॉक्टरच्या बाबतीत मात्र ही वाट सगळ्यात निर्धास्त. पुण्याहून वाईकडे जाताना शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हायवेलगतच.

मुरूड-कर्दे: आधी मोतीला विचारा

दापोलीच्या किनाऱ्याला आम्ही कुठलंही हॉटेल घेत नाही. वाडीतल्या घरगुती सोयीत उतरतो. पहिल्यांदा फोन केला तेव्हा कुत्रीबद्दल घाबरत-घाबरत विचारलं, तर काकू म्हणाल्या, "आमची काही हरकत नाही हो. आमचा मोती असतो खळ्यात, त्याचं आणि तिचं जमायला हवं." मोती त्यांचा कुत्रा, खळं म्हणजे अंगण. तिन्ही गावांत मला मिळालेलं सगळ्यात शहाणं उत्तर हेच.

जमवायचं कसं, तेही त्यांनीच दाखवलं. चिंगीला थेट आत आणायचं नाही. मोतीला बेड्याबाहेर, म्हणजे फाटकाबाहेर, रस्त्यावर घेतलं, दोघांना एकाच दिशेने वीस-पंचवीस पावलं चालवलं, मध्ये माणसं. मग हुंगाहुंगी. दोन्ही शेपट्या सैल पडल्यावर एकत्र खळ्यात. दोन दिवसांनी ती सारवलेल्या जमिनीवर मोतीच्या शेजारी पसरली होती.

पुळणीवरच्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरच्या कुत्र्यांशी असं जमवता येत नाही. त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात आणि पाहुण्या कुत्र्याला ती सात-आठ जणं मिळून घेरतात. आपला कुत्रा भांडकुदळ असेल तर किनारा त्याच्यासाठी नाही. गरीब असेल तर सकाळी लवकर, ओल्या वाळूवर, आणि हातात भिरकवायला नव्हे, नुसती दाखवायला काठी. बहुतेक कुत्री आपण खाली वाकण्याचा आव आणला तरी थांबतात.

एवढं सांभाळलं की मग मात्र जे मिळतं ते डोंगरावर कुठेच नाही. ओहोटीला मैलभर सपाट ओली वाळू, पायाला गार, पडलं तरी न लागणारी. चिंगी लाटेवर भुंकते, लाट परत गेली की आपणच घालवली असं समजून आमच्याकडे बघते. पट्टा पूर्ण सोडत नाही, पंधरा मीटरची दोरी लावतो. एक तर इथे पुळणीवर गाड्या घालणारे महाभाग आहेत. दुसरं म्हणजे थंडीत याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि कुत्री ती घरटी उकरतात. आंजर्ले, वेळासला गावकरी घरट्यांची राखण करतात. आपल्या पाळीव कुत्र्याने त्यात भर घालू नये.

नजर ठेवायची ती कुत्र्याच्या तोंडावर. जाळ्यातून काढून फेकलेले मासे वाळूत पडलेले असतात. फुगलेला केंड मासा विषारी असतो, शिंगाळा माशाचा काटा घशात रुततो. हर्णै बंदरावर माशांचा लिलाव बघायला जायचं तर आम्ही आळीपाळीने जातो, एक जण चिंगीपाशी. समुद्राचं खारं पाणी प्यायली तर जुलाब ठरलेले, म्हणून गोड्या पाण्याची बाटली आणि वाडगं खांद्यावरच. संध्याकाळनंतर गवतात, कातळावर नको. फुरसं हा रत्नागिरी जिल्ह्यातला नेहमीचा साप आहे आणि कुत्रा नाक आधी घालतो. दापोली तालुक्याचं गाव असल्याने जनावरांचा डॉक्टर मिळतो, पण त्याचा बराचसा दिवस गाई-म्हशींत जातो.

ऋतूचं मात्र कोकण काही ऐकून घेत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि दमट हवेत ती युक्ती अपुरी पडते. मार्च ते मे किनारा विसरा. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीमध्यापर्यंतच. पावसाळ्यात तर तिन्हीकडे नको. महाबळेश्वरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आणि ओल्या दिवसांत लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची भीती असते. रेबीज आणि लेप्टो दोन्ही लसींच्या तारखा तपासा, गोचिडांचं औषध निघायच्या आठवडाभर आधी, आणि लसीकरणाचं कार्ड गाडीत. परत आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून गोचीड शोधायची. माथेरान असो की दापोली, एखादी सापडतेच.

मग ठरवायचं कसं

तरुण, मिळूनमिसळून राहणारा, पाण्याची आवड असलेला कुत्रा असेल आणि तीन दिवस हाताशी असतील तर मी डोळे झाकून मुरूड-कर्दे सांगेन. हॉर्न-फटाक्यांना बिचकणारा, पण माणसांत-जनावरांत शांत, चालायला दमदार असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी माथेरान. जाण्यापूर्वी त्याला कुठेतरी घोडा दाखवून आणा. सारसबागेबाहेर, लग्नाच्या वरातीत, मिळेल तिथे. म्हातारा, जाडा, चपट्या नाकाचा असेल तर पाचगणीचा कुंपणवाला बंगला, आणि पॉइंट तुम्ही आळीपाळीने बघा. आणि जो दिसेल त्या कुत्र्यावर, घोड्यावर, पोरावर धावून जातो, त्याला यातलं कुठेच नेऊ नका. त्याला घरी ठेवून कुणा ओळखीच्याला राहायला बोलवा, म्हणजे तोही सुखात आणि तुम्हीही.

आमचं यंदा डिसेंबरचं ठरलंय. परवा काकूंना फोन केला तर त्यांनी खोलीचं नंतर सांगितलं. आधी म्हणाल्या, "मोतीला आता डोळ्यांनी कमी दिसतं. चिंगीला म्हणावं, यंदा समोरून ये, मागून नको."