बीपीची गोळी स्वस्त, लुटलं ते 'नसांच्या गोळी'नं

आईला बीपी आहे आणि पायांना मुंग्या येतात, म्हणून घराजवळच्या दवाखान्यात दाखवत होतो. फी दोनशे रुपये, त्यामुळे डॉक्टर स्वस्त वाटायचे. खरा खर्च जिना उतरल्यावर व्हायचा. खाली त्यांच्या मेव्हण्याचं मेडिकल. चिठ्ठीवरचं अक्षर फक्त तिथल्याच पोऱ्याला लागायचं. बाहेरच्या दुकानदारांनी सरळ सांगितलं, "हा माल त्यांच्याकडेच मिळेल." महिन्याचा आकडा अडीच हजारांच्या पुढे!

त्यात बीपीची टेल्मिसार्टन सगळ्यांत स्वस्त. पैसे खात होती ती 'नसांची गोळी'. दहा गोळ्यांची सोनेरी पट्टी, साडेचारशे रुपये. एकदा पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. औषधाच्या लायसन्सचा नंबर नाहीच, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर. म्हणजे कायद्याने हे खाद्य! खाली छापलेलं, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. आणि डॉक्टर तीच सकाळ-संध्याकाळ घ्यायला लावत होते.

ओळखीच्या केमिस्टने उलगडा केला: हा 'प्रोपगंडा माल'. या कंपन्या एकेका भागातले डॉक्टर धरून धंदा करतात. छापील किंमत भरमसाट, दुकानाला मात्र माल त्याच्या कितीतरी खाली पडतो. मधला पैसा कुठे जातो ते सांगायला नकोच. टेल्मिसार्टनसारख्या आवश्यक औषधांची कमाल किंमत सरकार 2013च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली बांधून देतं. या नसांच्या गोळीसारखं सप्लिमेंट (पूरक गोळी) खाद्यात मोडतं, त्यामुळे ते यातून सुटतं. चिठ्ठीत गर्दी कुणाची होणार?

बिल मागितलं की पोऱ्या म्हणायचा, "जीएसटी वेगळा लागेल." साफ खोटं. एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात. बिल नाही म्हणजे कुठल्या बॅचचा माल दिला त्याची नोंद नाही आणि तक्रारीला पुरावाही नाही. डॉक्टरांना पट्टी दाखवली तर म्हणाले, "मग गूगलकडूनच इलाज करून घ्या."

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी बी-12 तपासलं (इतके दिवस ते कुणी तपासलंच नव्हतं), ते कमी निघालं. बीपीची गोळी चालू ठेवली, साधं बी-12 दिलं, बाकी सगळं बंद. जनऔषधी केंद्रातून महिन्याचं काम दोनशेच्या आत होतं.

तेव्हा चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. बांधून दिलेली किंमत 'फार्मा सही दाम' ॲपवर बघता येते. दवाखान्याच्याच दुकानातून घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, पण पक्कं बिल हवं.

आईच्या भजनी मंडळातल्या बायका अजून तिथेच जातात, हाताला गुण आहे म्हणे. परवा त्यांच्या औषधांच्या पिशव्या बघितल्या. दोघींकडे तीच सोनेरी पट्टी निघाली, आणि त्यातल्या एकीला मुंग्या वगैरे काहीच येत नाहीत.