जुनी फाईल कुठून येते ते दाखवणारा क्रोमचा नेटवर्क टॅब

नवं व्हर्जन सर्व्हरवर चढवून झालं तरी क्लायंटला स्क्रीनवर जुनंच बटण दिसतं, ही तक्रार आमच्या कामात नेहमीची. त्यावर "हार्ड रिफ्रेश मारा" (साठवलेली प्रत सोडून पान नव्याने मागवा) एवढं सांगून फोन ठेवणं मला पटत नाही. त्या एका माणसाचं काम होतं, पण जे फोन करत नाहीत ते जुन्याच पानावर राहतात. जुनी फाईल कोणी धरून ठेवलीय हे आधी कळलं पाहिजे, आणि ते सांगायला क्रोमच्या डेव्हटूल्समधल्या (ब्राउझरमध्येच असलेल्या तपासणीच्या साधनांमधल्या) नेटवर्क टॅबसारखं साधन मला दुसरं सापडलेलं नाही.

एफ-१२ दाबून नेटवर्क उघडा, पान लोड करा आणि थेट ‘साइझ’चा रकाना बघा. फाईल नेटवर्कवरून आली तर तिथे आकडा असतो. नाहीतर ‘मेमरी कॅशे’, ‘डिस्क कॅशे’ (कॅशे म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या प्रती) किंवा ‘सर्व्हिसवर्कर’ (साइटने ब्राउझरमध्ये बसवलेली, फाईलींच्या मागण्या मध्येच हाताळणारी स्क्रिप्ट) असं लिहिलेलं दिसतं. स्टेटसमध्ये ३०४ असेल तर ब्राउझरने सर्व्हरला विचारलं होतं आणि तुझ्याकडचीच प्रत चालेल असं उत्तर आलं होतं. प्रत्येक उत्तराला उपाय वेगळा आहे. फाईल सर्व्हिस वर्करच्या साठ्यातून येत असेल तर सर्व्हरचे हेडर (फाईलसोबत येणाऱ्या सूचना) बदलत बसण्यात वेळ जातो, दुरुस्ती वर्करच्या कोडमध्येच करावी लागते.

एका क्लायंटच्या बिलिंगच्या साइटचं उदाहरण देतो. डेव्हलपरने रिफ्रेश केलं की नवं पान, क्लायंटने बुकमार्कवरून उघडलं की जुनं. मुख्य एचटीएमएल फाईलच्या हेडरमध्ये पाहिलं तर कॅशे-कंट्रोल, म्हणजे फाईल कशी आणि किती काळ साठवायची ते सांगणारा हेडर, नव्हताच. हेडर नसेल तर ब्राउझर काही साठवत नाही असं अनेकांना वाटतं, पण तसं होत नाही. अशा वेळी ब्राउझर स्वतः अंदाज बांधतो. वेबवरच्या कॅशेचे नियम सांगणाऱ्या २०२२ च्या आरएफसी ९१११ मध्ये त्यासाठी १० टक्क्यांचं उदाहरण दिलंय: शेवटचा बदल १०० दिवसांपूर्वीचा असेल, तर पुढचे १० दिवस फाईल ताजीच समजायची. रीलोड केल्यावर क्रोम मुख्य पानाबद्दल सर्व्हरला पुन्हा विचारतो, बुकमार्कवरून उघडताना ताजी समजलेली प्रत तशीच वापरतो. म्हणून दोघांना दोन वेगळी पानं दिसत होती, आणि दोघंही खरं बोलत होते.

उपाय सोपा आहे. मुख्य एचटीएमएलला ‘नो-कॅशे’ द्यायचं, म्हणजे साठव पण वापरण्याआधी दरवेळी विचार. नावात हॅश (मजकूर बदलला की बदलणारा कोड) असलेल्या जेएस आणि सीएसएस फाईलींना मॅक्स-एज (ताजी समजण्याची मुदत) ३१५३६००० सेकंद, म्हणजे अख्खं वर्ष, खुशाल द्यावं. आणि डिप्लॉय करताना, म्हणजे नवं व्हर्जन सर्व्हरवर चढवताना, आधीच्या बिल्डच्या फाईली लगेच पुसू नयेत. उघड्या राहिलेल्या टॅबमधलं जुनं पान त्याच नावांनी पुढचा कोड मागतं आणि तो मिळाला नाही की ग्राहकासमोर कोरी स्क्रीन उरते.

या टॅबमधल्या ‘डिसेबल कॅशे’च्या खुणेबद्दल मात्र माझं मत कडक आहे. ती डेव्हटूल्स उघडे असेपर्यंतच चालते. टीममध्ये नव्याने आलेली मुलं ती कायम लावून ठेवतात, त्यामुळे ग्राहकाला जे दिसतं ते त्यांना कधी दिसतच नाही. कोड लिहिताना जरूर लावा, पण डिप्लॉयनंतर तपासायला बसलात की आधी ती काढा. अ‍ॅप्लिकेशन टॅबमधल्या ‘अपडेट ऑन रीलोड’चंही तसंच. तुमच्याकडे नवा वर्कर लगेच लागू होतो. ग्राहकाकडे, कोडमध्ये ‘स्किप वेटिंग’ (न थांबता लागू हो असं सांगणारी ओळ) नसेल तर, जुन्या वर्करवरचे सगळे टॅब बंद होईपर्यंत तो ताटकळत राहतो.

उणिवा आहेतच. मध्ये सीडीएन (फाईलींच्या प्रती ठेवून सर्व्हरच्या वतीने त्या पुरवणारं जाळं) असेल तर तिथली प्रत किती जुनी आहे हे ‘एज’ हेडर उघडून स्वतः वाचावं लागतं. लायब्ररीच्या व्हर्जनचा घोळ तर इथे दिसतच नाही. बंडलमध्ये, म्हणजे सगळा कोड एकत्र बांधलेल्या फाईलीत, स्क्रीन बनवणारी लायब्ररी असलेल्या रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती गेल्या आणि ‘इन्व्हॅलिड हुक कॉल’ ही एरर आली, तर फाईल एकच असल्याने हा टॅब गप्प राहतो. तिथे लायब्ररी बसवणाऱ्या एनपीएमची, कुठल्या प्रती आल्यात ते दाखवणारी कमांड ‘एनपीएम एलएस रिअ‍ॅक्ट’ चालवा, पॅकेज-लॉक (नेमकी व्हर्जन नोंदवणारी फाईल) कोडसोबत गिटमध्ये ठेवा आणि सर्व्हरवर त्या नोंदीप्रमाणेच बसवणाऱ्या ‘एनपीएम सीआय’नेच इन्स्टॉल करा.

क्लायंट दुसऱ्या गावी असेल तेव्हा मला सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती इथली ‘एचएआर’ (नेटवर्क टॅबमधल्या सगळ्या नोंदींची फाईल) एक्सपोर्टची सोय. त्यांना रिकाम्या टॅबमध्ये डेव्हटूल्स उघडायला सांगा, ‘डिसेबल कॅशे’ची खूण नाही याची खात्री करून घ्या आणि मग नेहमीच्या बुकमार्कवरूनच साइट उघडायला लावा. फाईल मागवताना सॅनिटाइझ्ड प्रकारातलीच मागवा, म्हणजे त्यांच्या लॉगिनच्या कुकीज तुमच्याकडे येणार नाहीत.