नाशिकरोड ते मुंबई: पंचवटी, वंदे भारत, लांब पल्ल्याची गाडी की एसटी?

अमुक तारखेला मुंबई गाठायचीच आहे आणि बसायला हक्काची जागाही हवी आहे, अशा वेळी बहुतेक जण आधी गाडीची वेळ बघतात. आरक्षणाचा विचार केला तर आधी बघायचं ते गाडी सुटते कुठून हे. नाशिकरोड पडलं मधलं स्टेशन. इथून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या मनमाड, शिर्डी, नांदेडपासून थेट उत्तर प्रदेश, बिहार, बंगालपर्यंत कुठूनही येतात. तिकीट कोणत्या कोट्यातून निघणार, वेटिंग हलणार की अडकून बसणार, चार्ट (जागांची अंतिम यादी) कधी लागणार, तत्काळ (ऐनवेळचं, जादा शुल्काचं आरक्षण) कोणत्या दिवशी उघडणार, हे सगळं त्या सुटण्याच्या ठिकाणावर ठरतं. वेळ नंतर बघा.

पंचवटी

सकाळी जाऊन, काम उरकून रात्री घरी परतायचं असेल तर पंचवटीला आजही तोड नाही. १९७५ पासून धावणारी ही गाडी मनमाडहून सुटते, सातच्या सुमाराला नाशिकरोडला येते आणि संध्याकाळी सव्वासहाच्या आसपास सीएसएमटीहून (मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) परत निघते. मनमाड जवळच असल्याने गाडी सहसा वेळेवर येते आणि बऱ्याच जागा आपल्याच पट्ट्यातल्या प्रवाशांच्या वाट्याला येतात. आरक्षित टू-एस (बसायचा बिगर-एसी वर्ग), एसी चेअरकार, पासधारकांचे डबे आणि जनरल असे चार प्रकार यात आहेत. पासवाल्यांचे डबे ठरलेले असतात. साधं आरक्षण असलेल्याने तिकडे चढून वाद घालण्यात अर्थ नाही, आणि पासवाल्यानेही डी डब्यात (आरक्षित टू-एसच्या) बसून ‘कल्याणपर्यंतच आहे’ म्हणायचं नसतं.

सगळ्यात जास्त मारामारी सोमवारी सकाळी जाताना आणि शुक्रवारी संध्याकाळी येताना. मधल्या वारी टू-एसची जागा बरेचदा थोडे दिवस आधीही मिळते. सोमवारची मात्र आरक्षण उघडल्या उघडल्या काढलेली बरी. आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, प्रवासाचा दिवस सोडून. खिडकी सकाळी आठला उघडते. १ ऑक्टोबर २०२५ पासून उघडण्याच्या सुरुवातीच्या वेळेत ऑनलाइन तिकीट आधार-पडताळणी झालेल्या खात्यावरच निघतं, त्यामुळे हे काम आदल्या रात्रीच उरकून ठेवा. आठला पाच मिनिटं कमी असताना ओटीपीची वाट बघत बसलात, तर सोमवार गेलाच.

इथे एक सरळ, नियमात बसणारी युक्ती आहे. नाशिकरोड ते सीएसएमटी वेटिंग दिसत असेल तर मनमाड ते सीएसएमटी टाकून बघा. तिथे जागा असेल तर तिकीट मनमाडपासून काढा आणि बुकिंग करतानाच बोर्डिंग स्टेशन नाशिकरोड निवडा. भाडं मनमाडपासूनचं लागतं, पण टू-एसमध्ये हा फरक किरकोळ असतो. बोर्डिंग बदलायला विसरलात तर मात्र गाडी मनमाडहून निघाल्यावर तुम्ही ‘आलेच नाहीत’ अशी नोंद टीसीच्या हातातल्या यंत्रात होऊ शकते आणि जागा दुसऱ्याला जाऊ शकते. येतानाही हीच काळजी घ्या: तिकीट सीएसएमटीपासून असेल आणि चढणार कल्याणला, तर बोर्डिंग कल्याण करून घ्या. बोर्डिंग बदलून झाल्यावर मूळ स्टेशनवरून चढण्याचा हक्क राहत नाही, हेही लक्षात असू द्या.

बसायच्या गाड्यांचं एक दुखणं असं की त्यांत आरएसीचा, म्हणजे पूर्ण जागा मिळेपर्यंत अर्धी जागा देणाऱ्या तिकिटाचा, आधार नाही. स्लीपरला निदान अर्ध्या बर्थवर बूड टेकता येतं. इथे तिकीट एक तर कन्फर्म, नाही तर वेटिंग. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि किरकोळ कपात होऊन पैसे खात्यात परत येतात. त्या तिकिटावर गाडीत चढलात तर तुम्ही विनातिकीट.

वंदे भारत आणि जनशताब्दी

मुंबई–शिर्डी वंदे भारत फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली, जालन्याची त्याच वर्षी ३० डिसेंबरला; जालन्याची गाडी पुढे नांदेडपर्यंत नेली. दोन्ही नाशिकरोडला थांबतात. फक्त आरक्षित, दारं आपोआप बंद होणारी, त्यामुळे ‘जरा सरका हो’ म्हणणारं कुणी नाही. जागा मिळाली की ती शेवटपर्यंत तुमचीच.

पण वेळापत्रक नाशिककरांच्या सकाळच्या कामाच्या सोयीचं नाही. शिर्डीची गाडी सकाळी मुंबईहून इकडे येते आणि संध्याकाळी परत जाते. नांदेडची मुंबईला पोचेपर्यंत दुपार होते. म्हणजे ही गाडी मुक्कामाला जाणाऱ्याची, विमान पकडणाऱ्याची, ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्याची. दोन्हींना आठवड्यातून एकेक सुट्टीचा वार आहे, तारीख ठरवण्याआधी तो बघून घ्या. शिर्डीच्या गाडीला रविवारी संध्याकाळी दर्शन करून परतणाऱ्यांची झुंबड असते. त्या दिवशी नाशिकरोडहून जागा मिळणं पंचवटीच्या सोमवारइतकंच अवघड. लहान मुलाला जागा घेतली तर पूर्ण भाडं पडतं. जेवण नको असेल तर बुकिंगमध्येच तसा पर्याय निवडा, भाडं तेवढं उतरतं.

जनशताब्दी भाड्याने वंदे भारतच्या बरीच खाली आणि तिच्यातही टू-एस आरक्षित आहे. मुंबईकडे ती दुपारी जाते. घाई नसेल आणि वंदे भारतचं भाडं जिवावर येत असेल, तर आधी हिच्याकडे बघा.

लांब पल्ल्याच्या गाड्या

खरा गुंता इथे आहे. नाशिकरोडहून मुंबईकडे दिवसरात्र गाड्या आहेत, त्यामुळे साइटवर भली मोठी यादी दिसते आणि सोय आहे असं वाटतं. पण या गाड्यांच्या बहुतेक जागा सुटण्याच्या ठिकाणाहून शेवटपर्यंत जाणाऱ्यांसाठी असतात. मधल्या स्टेशनांना छोटा कोटा किंवा अनेक स्टेशनांत मिळून एक सामायिक कोटा. म्हणून वेटिंगच्या आकड्याआधी त्याच्या पुढची अक्षरं वाचा.

जीएनडब्ल्यूएल म्हणजे सर्वसाधारण वेटिंग. चार्ट लावताना सगळ्यात आधी हेच हलतं. आरएलडब्ल्यूएल हे मधल्या मोठ्या स्टेशनच्या कोट्यावरचं. त्या कोट्यातलं कुणी रद्द केलं तरच सरकतं. पीक्यूडब्ल्यूएल सामायिक कोट्यावरचं, आणि त्याची चाल सगळ्यात मंद. टीक्यूडब्ल्यूएल तत्काळचं वेटिंग. चार्टच्या वेळी सर्वसाधारण वेटिंग त्याच्या पुढे जातं. म्हणून पंचवटीचं जीएनडब्ल्यूएल १५ हे एखाद्या बिहारच्या गाडीच्या पीक्यूडब्ल्यूएल ५ पेक्षा जास्त भरवशाचं. लहान आकडा बघून खूश होणारे इथेच फसतात.

तारखेचा घोळ वेगळाच. आगाऊ आरक्षण आणि तत्काळ, दोन्हींचे दिवस गाडी सुटते त्या स्टेशनच्या तारखेवरून मोजले जातात. हावड्याहून ८ तारखेच्या रात्री सुटलेली मुंबई मेल नाशिकरोडला १० तारखेच्या उत्तररात्री येते. तिचं तत्काळ ९ ला नाही, हावड्याहून सुटण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ७ तारखेला उघडतं. ९ ला सकाळी दहाच्या ठोक्याला लॉगिन करून बसणाऱ्याच्या हाती काय लागणार? शिवाय रात्री बारानंतर येणाऱ्या गाडीचं तिकीट पुढच्या तारखेचं काढावं लागतं. शनिवारी रात्री जेवून निघायचं आणि गाडी साडेबाराची, तर प्रवासाची तारीख रविवारची. ही चूक गाडी निघून गेल्यावरच कळते.

जागा मिळाली तरी ती रिकामी मिळेलच असं नाही. दिवसा येणाऱ्या गाडीच्या स्लीपर डब्यात दीड दिवसाचा प्रवास केलेली माणसं आणि त्यांचं सामान पसरलेलं असतं. मधला बर्थ उघडून झोपायची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. त्यानंतर खाली बसायला जागा मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. डबा बिनआरक्षित प्रवाशांनीच भरलेला असेल तर हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका. १३९ वर फोन करा किंवा रेलमदद अॅपवर पीएनआर (तिकिटावरचा आरक्षण क्रमांक), डबा आणि बर्थ क्रमांक टाका. पुढचं मोठं स्टेशन इगतपुरी जवळच आहे, त्यामुळे नाशिकरोड सुटताच तक्रार टाकलेली बरी. घाट उतरून कसारा गेला की कल्याण यायला फार वेळ उरत नाही.

गाडी संपते कुठे हेही बघा. उत्तरेकडच्या बऱ्याच गाड्या सीएसएमटीला न जाता कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात. फोर्टात दहाला काम असेल तर ठाण्यालाच उतरून लोकल धरणं सोयीचं.

रात्रीच्या प्रवासाला मात्र या गाड्या चांगल्या. त्यातही नांदेड, नागपूरकडून येणाऱ्या गाड्या आधी बघा. उत्तरेच्या गाड्यांपेक्षा त्यांचा उशीर आटोक्यात असतो.

तत्काळ, प्रीमियम तत्काळ की करंट?

तत्काळ एसी वर्गांना सकाळी दहाला, बिगर-एसी वर्गांना अकराला उघडतं. म्हणजे पंचवटीची चेअरकार दहाला आणि टू-एस अकराला: एकाच गाडीसाठी दोन संधी. जादा शुल्क टू-एसला १० ते १५ रुपये, चेअरकारला १२५ ते २२५, स्लीपरला १०० ते २००. टू-एसचं तत्काळ जवळजवळ साध्या तिकिटाच्या भावात पडतं, म्हणूनच ते काही मिनिटांत संपतं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार-पडताळणी सक्तीची आहे आणि पहिली ३० मिनिटं एजंटांना बंदी आहे. एका तिकिटावर चारच नावं चालतात. नावं, वयं आधीच मास्टर लिस्टमध्ये (खात्यात साठवायची प्रवाशांची यादी) भरून ठेवा.

कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर दमडीही परत मिळत नाही. जाणं नक्की नसेल तर तत्काळच्या वाटेला जाऊ नका. प्रीमियम तत्काळमध्ये भाडं मागणीप्रमाणे चढत जातं आणि वेटिंग नसतं. चार तासांच्या प्रवासाला तेवढे पैसे मोजणं आम्हाला पटत नाही. त्यापेक्षा बस बरी.

दुर्लक्षित राहतं ते करंट बुकिंग. पहिला चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा साध्या भाड्याने विकल्या जातात, दुसरा चार्ट लागेपर्यंत. सकाळच्या गाड्यांचा पहिला चार्ट आता आदल्या रात्रीच लागतो. त्यानंतर आयआरसीटीसीच्या साइटवर ‘चार्ट व्हेकन्सी’ उघडा, गाडी, तारीख आणि बोर्डिंग स्टेशन भरा. डब्याचा नकाशा येतो आणि कोणती जागा कोणत्या स्टेशनपासून कुठपर्यंत रिकामी आहे ते दिसतं. सीएसएमटीपर्यंत काही नसेल तर कल्याण किंवा दादर टाकून बघा. मधल्या वारी हा मार्ग तत्काळपेक्षा शांत आणि स्वस्त. सोमवारी याच्या भरवशावर राहू नका.

‘विकल्प’ योजनेवर खूण करण्याआधीही थांबा. वेटिंग राहिलेल्याला दुसऱ्या गाडीत जागा मिळते, जादा पैसे लागत नाहीत. पण ती गाडी मूळ वेळेनंतर ७२ तासांपर्यंतची असू शकते आणि टर्मिनसही बदलू शकतं. सकाळच्या मुलाखतीला जाणाऱ्याला संध्याकाळच्या गाडीची जागा काय कामाची? त्यातून नकार दिला तर कन्फर्म तिकीट रद्द केल्यासारखी कपात.

आणि एसटी

दोन दिवसांवर आलेला प्रवास, वेटिंग तिशीच्या पुढे आणि सोबत घरची बायकामाणसं किंवा वडीलधारे असतील, तर नाशिकमधल्याच मुंबई नाक्याजवळच्या महामार्ग स्थानकाकडे वळा. महिलांना एसटीत १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि ७५ पुढे मोफत. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच. आजी-आजोबा आणि सून असे तिघे जाणार असतील तर हिशेब एसटीच्या बाजूने सहज झुकतो. शहरात राहणाऱ्याला द्वारका चौकातली कोंडी पार करून नाशिकरोड गाठायचा त्रासही वाचतो.

तोटा रस्त्याचा. घाटात ट्रक बंद पडला किंवा भिवंडीला अडकलात की वेळेचा भरवसा संपला. दहाची मीटिंग असेल तर एसटीवर विसंबू नका. दुपारचं काम असेल तर खुशाल जा. पुण्याला जायचं असेल तर एवढा विचारही नको, थेट लोहमार्गच नसल्याने बसच सरस.

पैसे अडकू नयेत म्हणून

खिडकीवर काढलेलं वेटिंग तिकीट ऑनलाइनसारखं आपोआप रद्द होत नाही. गाडी सुटण्याच्या किमान ३० मिनिटं आधी ते स्वतः रद्द करावं लागतं, आणि त्यावर स्लीपर किंवा एसीत बसता येत नाही, फक्त जनरलमध्ये. एकाच पीएनआरवर काही जागा कन्फर्म आणि काही वेटिंग असतील आणि तुमच्यापैकी कुणीच जाणार नसेल, तर त्यालाही हीच अर्ध्या तासाची मर्यादा आहे. जाणारा माणूस बदलायचा असेल तर आईवडील, भावंडं, नवराबायको किंवा मुलं यांच्याच नावावर तिकीट करता येतं. त्यासाठी सुटण्याच्या २४ तास आधी ओळखपत्रं आणि नात्याचा पुरावा घेऊन आरक्षण कार्यालयात जावं लागतं.

गाडी नाशिकरोडला तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही तिने जाणार नसाल, तर पूर्ण भाडं परत मिळतं, तत्काळचंसुद्धा. त्यासाठी ऑनलाइन तिकिटाचा टीडीआर (परताव्याचा अर्ज) गाडी नाशिकरोडहून प्रत्यक्ष सुटायच्या आत भरायचा. नंतर भरलेला चालत नाही.