अर्थव्यवस्था बरी की वाईट? रिझर्व्ह बँकेचा ग्राहक विश्वास सर्व्हे बेळगावकरांनी कसा वाचावा

जुलै ते सप्टेंबर 2025 या तिमाहीत जीडीपी 8.2 टक्क्यांनी वाढला, असं 28 नोव्हेंबरला जाहीर झालं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला बेळगाव जिल्ह्यातल्या मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक टनाला 3500 मागत रस्त्यावर बसले होते आणि कर्नाटक सरकारने तोडणी-वाहतूक वगळून 3300 रुपयांचा दर जाहीर केला होता. दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या, एकाच महिन्यातल्या. त्यामुळे खडेबाजारातल्या कापड दुकानात किंवा उद्यमबागच्या फौंड्रीच्या गेटवर कुणी म्हणतं देश जोरात आहे, कुणी म्हणतं धंदा बसलाय, तेव्हा बहुतेक वेळा दोघांचंही खरं असतं. एक जण उत्पादनाबद्दल बोलत असतो, दुसरा हातात पडणाऱ्या पैशाबद्दल.

लोकांची ही मतं पद्धतशीर गोळा करणारं, फुकट मिळणारं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे रिझर्व्ह बँकेचा ग्राहक विश्वास सर्व्हे. दर दोन महिन्यांनी, पतधोरणाच्या दिवशी तो बँकेच्या वेबसाइटवर येतो. प्रकाशनांमध्ये द्वैमासिक विभागात सापडतो. साधन कामाचं आहे. पण बातम्यांमध्ये येणारा एकच आकडा वाचून थांबलात, तर फसगत ठरलेली.

सर्व्हेत 19 शहरांतल्या सुमारे 6000 कुटुंबांना पाच गोष्टी विचारतात: देशाची एकूण आर्थिक स्थिती, रोजगार, किमती, स्वतःचं उत्पन्न आणि स्वतःचा खर्च. प्रत्येकाचं उत्तर दोनदा: वर्षापूर्वीच्या तुलनेत आज कसं, आणि वर्षभराने कसं असेल. ‘सुधारलं’ म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतून ‘बिघडलं’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा केली की निव्वळ प्रतिसाद मिळतो. पाचही प्रतिसादांची सरासरी 100 मध्ये मिळवली की झाला निर्देशांक. 100 च्या वर म्हणजे आशा, खाली म्हणजे निराशा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे 2021 मध्ये, सध्याच्या स्थितीचा निर्देशांक 48.5 पर्यंत घसरला होता.

गोम या सरासरीत आहे. हिशेबापुरते काल्पनिक आकडे घेऊ: आर्थिक स्थिती उणे 10, रोजगार उणे 12, किमती उणे 85, उत्पन्न अधिक 2, खर्च अधिक 75. बेरीज उणे 30, सरासरी उणे 6, निर्देशांक 94. वाचणारा म्हणेल, थोडीशी नाराजी आहे, फार काही नाही. पण खर्च वाढला की सर्व्हे ते चांगलं धरतो. तेलाचा डबा महागला म्हणून महिन्याचं वाणसामान महाग पडलं, तरी तो ‘वाढलेला खर्च’च. म्हणजे महागाईने किमतींच्या रकान्यात जेवढं उणे केलं, त्यातलं बरंचसं खर्चाच्या रकान्यात अधिक होऊन परत येतं. वरचा आकडा शांत दिसतो, आत घरखर्चाची ओढाताण चालू असते.

म्हणून निर्देशांक बाजूला ठेवा आणि थेट तक्ते उघडा. तक्ता 5 उत्पन्नाचा आणि तक्ता 8 गरजेपलीकडच्या खर्चाचा, हे दोन सगळ्यात बोलके. उत्पन्नाचा निव्वळ प्रतिसाद शून्याच्या आसपास रेंगाळतोय आणि गरजेपलीकडचा खर्च उणे आहे, तर गणपत गल्लीत गिऱ्हाईक फिरेल पण घेणार नाही. दिवाळीचा माल भरणाऱ्या कापड, भांडी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदारांनी सप्टेंबरचा तक्ता 8 आधीच्या दोन-तीन फेऱ्यांशी ताडून पाहावा. एका फेरीची घट मनावर घेऊ नये; सलग तीन फेऱ्या एकाच दिशेला गेल्या, तर ऑर्डर कमी करावी. तक्ता 4 वाचताना मात्र सावध. महागाईचा वेग वाढला की कमी झाला, हे ज्यांनी आधी ‘किमती वाढल्या’ असं सांगितलं त्यांनाच विचारलेलं असतं. ती टक्केवारी सगळ्या लोकांची नव्हे.

किमतींचा तक्ता जवळजवळ नेहमीच लालेलाल का असतो, तेही समजून घ्यायला हवं. ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्का होता, 2012 पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेतला नीचांक. रिझर्व्ह बँकेच्याच दुसऱ्या एका सर्व्हेत, कुटुंबांच्या महागाईविषयक अपेक्षांच्या सर्व्हेत, त्यानंतरच्या नोव्हेंबरच्या फेरीत कुटुंबांना जाणवलेली महागाई मात्र सहा टक्क्यांच्या वर होती. लोक खोटं बोलत नव्हते. ऑक्टोबर 2024 मध्ये भाज्या कडाडून दर 6.21 टक्के झाला होता, त्या चढ्या भावांशी तुलना झाल्याने वर्षभरानंतरचा दर खाली दिसला. दर उतरला म्हणजे किमती वाढायचा वेग कमी झाला, त्या तीन वर्षांपूर्वीच्या भावाला परत आल्या असं नव्हे. घरातली बाई मात्र जुन्या भावाशीच तुलना करते. शिवाय भाज्या स्वस्त झाल्या हे शहरातल्या पगारदाराला सुख, पण बेळगावच्या मार्केट यार्डात माल आणणाऱ्याची पट्टी, म्हणजे मालाचे मिळणारे पैसे, त्यानेच घटली.

व्यापाऱ्याच्या तक्रारीचं मूळही इथेच आहे. 8.2 टक्के ही वाढ भाववाढ वगळून मोजलेली; त्याच तिमाहीत चालू किमतींनुसार, म्हणजे भाववाढ धरून, जीडीपी 8.7 टक्केच वाढला होता (2011-12 पायाभूत वर्षाची मालिका), म्हणजे भाववाढ जेमतेम अर्धा टक्का. गल्ल्यात नोटा चालू किमतीच्या येतात, पगार, भाडं आणि बँकेचा हप्ता चालू रुपयांतच द्यायचा असतो. वस्तू जास्त विकल्या गेल्या तरी भाव हलला नाही, तर उलाढाल फुगत नाही आणि दुकानदाराला वर्ष सपाट वाटतं. त्याला अर्थशास्त्र कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे.

आता या सर्व्हेची मोठी उणीव. 19 शहरांत बेळगाव नाही, हुबळी नाही, कोल्हापूरही नाही. आपल्याला जवळची म्हणजे बेंगळूर आणि मुंबई, आणि तिथला आयटीतला किंवा ऑफिसातला पगारदार वडगाव-शहापूरच्या मागावर बसणाऱ्या विणकरासाठी काय बोलणार? शिवाय 6000 भागिले 19, म्हणजे शहरामागे सरासरी तीनशेच्या आसपास घरं. एवढ्यावर एका शहराचा निष्कर्ष काढला तर पाच-सहा टक्क्यांची चूक सहज पडते. देशाचा कल पाहायला हा सर्व्हे भरवशाचा, गावचा कल पाहायला नाही.

रिझर्व्ह बँक आता ग्रामीण आणि निमशहरी भागाचा वेगळा सर्व्हेही प्रसिद्ध करते. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या वाचकाने तो आधी पाहावा. फक्त एक लक्षात ठेवा: ऊसपट्ट्यात माणसाचं मत बिलाच्या तारखेवर हलतं. कायद्याने बिल 14 दिवसांत मिळायला हवं. थकलं की त्याच शेतकऱ्याचं उत्तर बदलतं. फौंड्रीवाल्यांना या दोन्हींचा उपयोग कमी. त्यांनी रिझर्व्ह बँकेचाच ऑर्डर आणि क्षमता वापराचा तिमाही सर्व्हे बघावा.

आपल्या पेठेचा कल हवाच असेल, तर व्यापारी संघटनांनी हीच पद्धत उचलावी. तेच पाच प्रश्न, मराठीत आणि कन्नडमध्ये, दर दोन महिन्यांनी, तीच उत्तरं: वाढलं, तेवढंच, घटलं. स्वतःच्या उत्पन्नाचा प्रश्न आधी घ्या, देशाचा शेवटी. आधी देशाबद्दल विचारलं की माणूस पक्षाच्या बाजूने बोलायला लागतो आणि पुढची उत्तरंही तशीच येतात. पगारदार, दुकानदार, मागवाले आणि शेतकरी यांची बेरीज एकत्र करू नका, चार वेगळे रकाने ठेवा. एका गटात शंभर माणसं घेतली तर एका फेरीच्या टक्केवारीत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, दोन फेऱ्यांच्या तुलनेत त्याहूनही जास्त, म्हणून लहान चढउतारावर माल भरायचा की नाही हे ठरवू नका.