गाडीच्या मागून ठकठक, १५,९०० चं बिल आणि ढिली स्टेपनी

ज्यांच्याकडे थोडी जुनी हॅचबॅक आहे त्यांनी हे वाचाच. पैसे तर गेलेच पण ज्या पद्धतीने घाबरवून काढले त्याचा राग अजून जात नाहीये.

गाडी २०१६ ची स्विफ्ट, पेट्रोल, ७८ हजार किलोमीटर झालेली. श्रावणात बाबा आणि काका अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवसापासून मागून आवाज सुरू झाला. स्पीडब्रेकरवर ठक ठक, खराब रस्त्यावर सलग खडखड आणि चांगल्या रोडवर एकदम शांत. बाबा म्हणाले कुठे आपटली वगैरे नाही, फक्त येताना कराडजवळ पंक्चर झालं होतं. ते पंक्चरचं मी ऐकलं आणि सोडून दिलं, तिथेच चुकलं.

नेहमीचा मेकॅनिक गावाला गेला होता म्हणून हायवेच्या सर्व्हिस रोडवरच्या एका गॅरेजला गेलो, नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे. बहीण सोबत होती, तिला सातवा महिना होता, तिला डॉक्टरकडून घेऊन तसाच गेलो होतो. मालकाने पाच मिनिटं गाडी फिरवली आणि म्हणाला "लिफ्टवर घेतो, तोवर ताईंना घेऊन ऑफिसात बसा, इथे ऊन आहे." मला वाटलं काय चांगला माणूस आहे. १० मिनिटांनी बोलावलं, टॉर्च मारून दाखवलं तर मागच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरवर तेल ओघळलेलं, चकचकीत. मग म्हणाला "साहेब दोन्ही शॉकॲब्सॉर्बर लीक आहेत, ॲक्सलचे बुश फाटलेत, लिंक रॉड पण गेलेत, आणि अशी गाडी तुम्ही ताईंना घेऊन चालवताय? हायवेला ८० ला मागचा भाग सोडला ना तर काही हातात राहणार नाही."

बहिणीचा चेहरा असा पडला की मी पुढे काही विचारलंच नाही, गाडी तिथेच ठेवून आम्ही रिक्षाने घरी आलो.

दोन दिवसांनी बिल, म्हणजे साध्या पॅडच्या कागदावर पेनाने लिहिलेलं, शॉकॲब्सॉर्बर जोडी ६,८००, बुश (म्हणजे ॲक्सलच्या जोडातली रबरं) २,४००, रिअर लिंक रॉड दोन नग २,२००, मजुरी ४,५००. एकूण १५,९००. जीएसटी बिल मागितलं तर वर १८ टक्के लागतील म्हणाला. जुने पार्ट मागितले तर लगेच पोत्यात भरून डिकीत ठेवून दिले, त्यामुळे माझा विश्वासच बसला, फसवणारा माणूस जुने पार्ट कशाला देईल. आणि खरंच घरी येताना आवाज बंद! मी त्याला व्हॉट्सॲपवर थँक्यू पण पाठवलं.

रविवारी पोतं काढून बाल्कनीत ठेवलं आणि संध्याकाळी गाडी काढली तर पहिल्याच स्पीडब्रेकरला ठक ठक. फोन केला तर म्हणे आता व्हील बेअरिंग असेल, ७,५०० तयार ठेवा. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की काहीतरी गडबड आहे, कारण बेअरिंग गेलं की घूं असा आवाज येतो, स्पीडबरोबर वाढत जातो, वळणावर बदलतो, ते खड्ड्यात ठक ठक करत नाही. एवढं मला पण माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात वाईला मामाकडे जायचं होतं तर पोतं पण घेतलं, पण मागच्या सीटखाली पाय ठेवायच्या जागेत, डिकीत बॅगा होत्या. मामाच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, साठीच्या पुढचे, चिंचेच्या झाडाखाली काम करतात. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मलाच प्रश्न विचारले, आवाज कधीपासून, रिकामी असताना जास्त का भरलेली असताना, त्याच्या आधी गाडीला काय काम झालं होतं. पंक्चर म्हटल्यावर त्यांनी डिकी उघडली, बॅगा बाहेर काढल्या, खालचा पत्रा का पुठ्ठा म्हणतात तो उचलला आणि स्टेपनी हाताने हलवली. ठक. तोच आवाज.

"अवो, स्टेपनी नाचतीया की आत! कुणी सांगितलं तुमास्नी शॉकॲब्सॉर्बर गेलं म्हनून?"

पंक्चरवाल्याने चाक बदलल्यावर स्टेपनी धरून ठेवणारा बोल्ट जेमतेम एक आटा बसवला होता आणि जॅक जागेवर न अडकवता नुसता बाजूला टाकला होता. गॅरेजवाल्याने जड पोतं बरोबर त्याच्यावर ठेवलं त्यामुळे स्टेपनी दाबली गेली आणि आवाज बंद. म्हणजे त्याला आवाज कुठून येतोय हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं असं माझं ठाम मत आहे. मिस्त्रींनी बोल्ट हाताने आवळला, जॅक जागेवर बसवला, आम्ही गावाच्या खडीच्या रस्त्यावरून दोन चकरा मारल्या, एक आवाज नाही. पैसे घेतले नाहीत.

मग मी म्हटलं निदान नवे पार्ट तरी चांगले आहेत का बघा. ते खाली शिरले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. शॉकॲब्सॉर्बर जुनेच होते, वरून काळा स्प्रे मारलेला, रंग शेजारच्या रबरावर आणि ब्रेकच्या पाइपवर पण उडालेला, आणि खालच्या नटावर जुना गंज तसाच, पाना लागल्याची खूणच नाही. बुश पण कंपनीतून आलेले जुनेच, बदललेलेच नाहीत. आणि लिंक रॉड? या गाडीला मागे लिंक रॉड असतोच कुठे, मागे सलग बीमचा ॲक्सल आहे, लिंक रॉड पुढे असतात! जी वस्तू गाडीत नाही तिचे २,२०० मी मोजले. पोत्यातले शॉकॲब्सॉर्बर दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचे, लांबी पण जुळत नव्हती.

तेलाचं विचारलं तर म्हणाले खरं लीक असेल तर त्यावर धूळ बसून काळा चिकट थर होतो, पावसाळ्यात चाललेल्या गाडीखाली एवढं स्वच्छ चकचकीत तेल म्हणजे तेव्हाच कुणीतरी चोपडलेलं. आम्ही ऑफिसात गार पाणी पीत बसलो होतो ती १० मिनिटं.

त्यामुळे मागून आवाज आला तर आधी डिकी पूर्ण रिकामी करा, स्टेपनी जॅक पाना सगळं बाहेर काढून, पार्सल ट्रे पण काढून एक चक्कर मारा, मागे कुणालातरी कान देऊन बसवा. मागच्या सीटची खिटी नीट लागली आहे का आणि बेल्टचं बक्कल प्लास्टिकवर आपटत नाही ना ते बघा. इंजिन गार असताना सायलेन्सर हाताने हलवून बघा, त्याचं रबर तुटलं तरी असाच ठोके दिल्यासारखा आवाज येतो. मागचा कोपरा जोरात दाबून सोडा, गाडी वर येऊन थांबली तर शॉकॲब्सॉर्बर बहुतेक ठीक आहे, डोलतच राहिली तर शंका घ्या. आणि काम करायला द्यायचीच झाली तर आधी जुन्या पार्टवर नेलपॉलिशने खूण करा आणि फोटो काढा, नुसते जुने पार्ट मागून उपयोग नाही हे मी अनुभवाने सांगतोय. लिफ्टवर गाडी असताना तिथेच उभे राहा, कितीही ऊन असलं तरी.

परत जाऊन विचारलं तर मालक अंगावर आला, कच्च्या पावतीवर काय सिद्ध करणार म्हणाला. मी १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, यूपीआयची एंट्री, व्हॉट्सॲपवरचं एस्टिमेट, मिस्त्रींकडे काढलेले फोटो सगळं जोडलं. चार दिवसांनी त्याचाच फोन, ५,००० घ्या आणि विषय संपवा. नाही म्हटलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, वकील पण लागतोच असं नाही, अर्ज लिहून झालाय, या आठवड्यात देतोय. पोतं परत बाल्कनीत ठेवलंय, आई रोज म्हणते ते भंगार काढ, पण निकाल लागेपर्यंत ते तिथून हलणार नाही.