परदेशी ग्रुपची ऑफर आणि आमचे पावणेदोन लाख

परदेशातल्या ग्रुपमध्ये वाजवायची ऑफर आलेली मुलं आणि त्यांच्या घरचे, दोघांसाठी लिहितेय. माझ्या धाकट्या भावाला यात पावणेदोन लाखांना गंडवलं. तो तबला वाजवतो, आम्ही गिरगावात राहतो; यापलीकडे ओळख सांगत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये झाकीरभाईंना एकाच रात्री तीन ग्रॅमी मिळाले, तेव्हापासून इथला तबल्याचा प्रत्येक विद्यार्थी मनातल्या मनात विमानात बसलेलाच आहे. ठगांना हे बरोबर ठाऊक असतं. भावाने लेहऱ्यावर, म्हणजे साथीला फिरत राहणाऱ्या धुनेवर, वाजवलेला एक कायदा (तबल्यातला रचनेचा एक प्रकार) इन्स्टाग्रामवर टाकला होता. त्यावर एका बाईचा मेसेज आला: व्हिएन्नातला आंतरराष्ट्रीय ग्रुप, आठ महिन्यांचा दौरा, महिना २,८०० युरो, राहणं-खाणं त्यांचं. मग मेल आली. तिच्यावर तिथल्या एका खऱ्याखुऱ्या संस्थेचं नाव आणि शिक्का, फक्त मेलच्या पत्त्यात एक अक्षर जादा.

ऑडिशन व्हिडिओ कॉलवर झाली. समोरच्यांचा कॅमेरा बंद, कारण म्हणे नेट स्लो. भावाने पेशकार, म्हणजे सुरुवातीला वाजवतात तो भाग, सुरू केला, कायद्यावर यायच्या आतच ‘ब्युटिफुल, ब्युटिफुल’ करून थांबवलं आणि तासाभरात निवडीचं पत्र पाठवलं. वाडीत पेढे वाटून झाले, शाल-श्रीफळही झालं. आमच्या वाडीला सत्काराची भारी घाई असते.

भाऊ गुरुजींच्या पाया पडायला गेला. त्यांनी आशीर्वाद दिला आणि विचारलं, “तबला कुठला नेतोयस रे? काळी एकचा की पांढरी चारचा?”

“त्यांनी काही सांगितलं नाही, गुरुजी.”

“अरे, बरोबर व्हायोलिन आहे, चेलो आहे म्हणतोस. ते कुठल्या सुरात वाजवणार, हे तुला नको का कळायला?”

ज्यांच्या घरी तबला नाही त्यांच्यासाठी सांगते: काळी एक, पांढरी चार या पट्ट्या, म्हणजे तबला ज्या सुरात लावतात ते पेटीवरचे सूर. तबला एखाद-दोन सुरांपलीकडे चढत-उतरत नाही, पट्टी बदलली की वाद्यच दुसरं घ्यावं लागतं. खरा ग्रुप हे आधी विचारेल. या लोकांनी ना पट्टी विचारली, ना नोटेशन वाचता येतं का ते. आधार, पॅन, पासपोर्ट मात्र पहिल्याच दिवशी मागून घेतले.

तोवर पैसे जाऊन बसले होते. वर्क परमिटचे ६५,०००, वाद्याच्या विम्याचे ३०,०००, तिकिटाचं डिपॉझिट ४०,०००. शेवटचे ४०,००० कशाचे, तर तबला शिसवी आहे, शिसव संरक्षित लाकूड आहे, युरोपात सर्टिफिकेट लागतं! ही थाप अभ्यास करून मारलेली. शिसव साइट्स (CITES) या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे हे खरं, पण तयार वाद्यांना त्यातून नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे. त्या सर्टिफिकेटसाठी आईने पाटल्या गहाण ठेवल्या. दर वेळी खातं वेगळं आणि कुणातरी माणसाच्या नावावरचं, तेही भारतातल्याच बँकेतलं.

गुरुजींचा प्रश्न ऐकल्यावर मी त्याच रात्री सगळे कागद काढून बसले. काम आठ महिन्यांचं आणि पत्रात शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा) टुरिस्ट व्हिसा! त्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि पगाराची नोकरी करता येत नाही. त्याची फी आहे ९० युरो. तिकिटावर पीएनआर होता, एअरलाइनच्या साइटवर भावाचं नावही दिसत होतं, त्यामुळे बाबा निर्धास्त. पण तेरा आकडी तिकीट नंबर कुठेच नव्हता. म्हणजे सीट नुसती अडवून ठेवलेली, पैसे भरलेच नव्हते. खऱ्या संस्थेला मेल केली, तर त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: अशी कुठलीही भरती आम्ही काढलेली नाही.

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली, स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. शेवटच्या ४०,००० मधले काही पैसे खात्यातच गोठवता आले, कारण ते नुकतेच गेले होते. आधीचे कधीच पुढच्या पुढच्या खात्यांत पांगले होते. गोठलेले परत मिळावेत म्हणून कोर्टात अर्ज केलाय.

एजंट मध्ये असेल तर त्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी आहे का, हे ई-मायग्रेटच्या साइटवर बघा. नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही.

आणि तक्रार केल्यावर ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, प्रोसेसिंग फी भरा’ असे फोन येतात. आम्हालाही आला. बोलणारा अगदी शुद्ध मराठीत बोलत होता, तक्रारीचा नंबरसुद्धा त्याला माहीत होता. आईने फोन माझ्या हातात दिला म्हणून वाचलो.

त्या बाईचं अकाउंट अजून चालू आहे. फक्त नाव बदललंय, आणि आता बासरी आणि सतार वाजवणारे हवेत म्हणे.