घरात बियांपासून स्ट्रॉबेरी : ३६,६९९ रुपये गेले आणि उगवली मोहरी

एकूण ३६,६९९ रुपये. हायड्रोपोनिक (मातीशिवाय, पाण्यावर रोपं वाढवायच्या) किटचे १८,५००, ग्रो लाइटचे ६,२०० आणि 'बायबॅक नोंदणी'चे ११,९९९. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितेय, कारण घरी सांगताना दोनदा कमी करून सांगितला होता.

योजना तुम्हाला माहीतच असेल, फक्त पीक बदलतं. बी आमचं, किट आमचं, खोली तुमची, फळ आम्ही किलोला ६०० रुपयांनी उचलू. मी हावरटपणाने गेले नाही. आईच्या आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली, घरातून होईल असं काम शोधत होते. करार स्टँपपेपरवर होता, बिलावर जीएसटी नंबर होता, व्हिडिओ कॉलवर पांढऱ्या पाइपांत लगडलेली फळं दाखवली होती. तो नंबर पैसे देण्याआधी सरकारी पोर्टलवर टाकून बघा. मी बघितला तो सगळं झाल्यावर. दुसऱ्याच राज्यातल्या कापड दुकानाचा निघाला.

आणि आता ते, जे आठवून अजून झोप उडते. पाकीट फोडून बी तळहातावर घेतलं होतं. गोल, तांबूस-काळं, बोटाने ढकललं की घरंगळणारं. स्ट्रॉबेरी आपण सगळ्यांनी खाल्लीय. तिच्या अंगावरचं बी जेमतेम मिलिमीटरभर, पिवळट, थेंबासारखं निमुळतं. माझ्या हातावर होतं ते मिसळणाच्या डब्यातलं. रोज सकाळी तोच दाणा मी तेलात टाकते! तरी मनाला समजावलं, हायब्रिड असेल.

चौथ्या दिवशी स्पंजात कोंब. स्ट्रॉबेरीचं बी आधी दोन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात, मग उजेडात पेरतात, आणि उगवायला ते आणखी दोन-तीन आठवडे घेतं, कधी महिनासुद्धा. हे आता मला पाठ आहे. तेव्हा मी आनंदाने फोटो पाठवला. उत्तर आलं, "ताई, अभिनंदन! उगवण ९५ टक्के. आता नोंदणी करून टाका, बॅच बंद होतेय." त्याच संध्याकाळी ११,९९९ पाठवले. डोळ्यांनी कोंब बघून पाठवले, हवेत नाही. पण पाकिटावर लॉट नंबर, उगवण टक्केवारी, चाचणीची तारीख, काही म्हणजे काही नव्हतं, ते त्याच डोळ्यांना दिसलं नाही.

तेविसाव्या दिवशी पान चुरगळून वास घेतला. झणझणीत. स्ट्रॉबेरीला तीन दलांचं, कातरलेल्या कडांचं पान येतं, हे लांबट आणि खरखरीत होतं. फोन लावला तर बंद.

महाबळेश्वर-पाचगणीकडचे शेतकरी बी पेरत नाहीत, रनरची, म्हणजे झाडाच्या जमिनीवर पसरणाऱ्या फुटव्यांची रोपं लावतात. विंटर डॉन, स्वीट चार्ली यांसारख्या जाती बियांपासून आईच्या गुणाच्या येतच नाहीत. कोणी 'विंटर डॉनचं बी' म्हणालं की तिथूनच उठा. ब्लूबेरीचं बी विकणाऱ्यालाही विचारा, फळ कधी? बियांपासून तिला काही वर्षं लागतात.

मग दारं झिजवणं सुरू झालं. पोलीस ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन आहे, सायबरकडे जा. सायबरला दीड तास बाकावर बसवून विचारलं, माल मिळाला ना? मग ही दिवाणी बाब. बँकेत सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. कृषी कार्यालयात तर सातबारा मागितला. दहा बाय दहाच्या खोलीचा सातबारा! बियाण्याची फसवणूक आहे म्हटलं, तर साहेब म्हणाले, पाकिटावर कंपनीच नाही तर कारवाई कोणावर करू? अहो, म्हणूनच तर आले ना मी! चार कार्यालयं, सहा खेपा, आणि प्रत्येक ठिकाणी आधी माझ्याकडेच बघून मान हलवली. ग्राहक आयोगात जायचं तर समोरच्याचा पत्ता लागतो, आणि करारावरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस 'अपूर्ण पत्ता' शेरा मारून परत आली.

पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी लाजेपायी नऊ दिवस घालवले. चॅट डिलीट करू नका. 'उगवण झाल्यावर पुढचा हप्ता' ही अट दिसली तर पैसे अजिबात देऊ नका.

पाकीट मी टाकलेलं नाही. आत साठेक दाणे उरलेत. मंगळवारी पुन्हा सायबरला जाणार आहे. या वेळी अर्जाच्या आधी ते दाणे टेबलावर ओतणार आहे.